गुण दिले, कारण कोण देणार?

मार्च १९८६ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना एका परीक्षेच्या निकालापायी पद सोडावे लागले. मुंबई विद्यापीठाची स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र या विषयातील ही एम.डी.ची परीक्षा ऑक्टोबर १९८५ मध्ये झाली होती, आणि तत्कालीन मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची कन्या तिला बसलेल्या उमेदवारांपैकी एक होती. अनुत्तीर्ण ठरलेल्या एका उमेदवाराने उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. परीक्षकाने श्रेणीपत्रकात मागाहून फेरफार केला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. हे मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून घडले, असे एकसदस्य न्यायपीठाने म्हटले होते. तो ठपका खंडपीठापुढे जसाच्या तसा टिकला नाही. परंतु संशयाचे मळभही दूर झाले नाही. खंडपीठाच्या प्रतिकूल शेऱ्यांविरुद्ध केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात फेटाळले.

या प्रकरणाची आठवण महाराष्ट्राच्या राजकारणात अजून निघते. एक मुख्यमंत्री गेले, दुसरे आले, सत्तेच्या दालनातील हेलकाव्यांची चर्चा झाली. परंतु त्या साऱ्या गदारोळात मूळ प्रश्न बाजूला पडला. वैद्यकीय परीक्षेतील श्रेणी दोन-चार व्यक्तींच्या हातात राहते, ती कशाच्या आधारे दिली हे त्यांच्याखेरीज कोणाला कळत नाही, आणि ती बदलली गेली तर तेही सहसा कोणाला कळत नाही, ही स्थिती मुख्यमंत्र्यांच्या राजीनाम्याने पालटली नव्हती. त्या वेळी गैरप्रकार उघडकीला आला, कारण एक उमेदवार न्यायालयापर्यंत जाण्याइतका चिवट होता आणि प्रकरणात एक मोठे नाव होते. जेथे मोठे नाव नसते, लबाडीही नसते, केवळ घाई असते, कंटाळा असतो, पूर्वग्रह असतो किंवा प्रामाणिक चूक असते, तेथे विद्यार्थ्याने कोणाकडे जावे? चार दशकांनंतरही या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांपाशी नाही.

आकड्याचा दरारा

गुणपत्रिकेवर छापलेला आकडा पाहिला की तो तापमापकावर वाचावा तितका नेमका वाटतो. पन्नास म्हणजे उत्तीर्ण, एकोणपन्नास म्हणजे अनुत्तीर्ण. यात शंकेला जागा ती कोणती? वस्तुस्थिती अशी आहे की, हा आकडा म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाविषयी विशिष्ट वेळी बनवलेले मत असते, आणि त्या मताची अस्थिरता शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच सिद्ध झालेली आहे. डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकन संशोधकांनी १९१२-१३ च्या सुमारास एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठवली. इंग्रजीच्या निबंधात मतभेद होणार हे गृहीतच होते. पण भूमितीच्या एकाच उत्तरपत्रिकेला कोणी तिसाच्या खाली तर कोणी नव्वदाच्या वर गुण दिले. जेथे उत्तर बरोबर की चूक याविषयी वाद नसावा, तेथेच सर्वांत मोठी तफावत आढळली.

१९३५ मध्ये फिलिप हार्टॉग आणि ई. सी. ऱ्होड्स यांनी इंग्लंडमध्ये याहून अस्वस्थ करणारी गोष्ट दाखवून दिली. हे हार्टॉग भारतीय वाचकाला अपरिचित नाहीत. ते ढाका विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते आणि भारतातील शिक्षणाची पाहणी करणारी १९२९ ची समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इतिहासाच्या पंधरा उत्तरपत्रिका त्यांनी चौदा परीक्षकांना तपासायला दिल्या आणि वर्षा-दीड वर्षाच्या अंतराने त्याच उत्तरपत्रिका त्याच परीक्षकांकडे पुन्हा पाठवल्या. एकंदर २१० निर्णयांपैकी ९२ दुसऱ्या खेपेस बदलले. म्हणजे परीक्षक इतरांशी सहमत नव्हते एवढेच नव्हे, तर ते स्वतःशीही सहमत नव्हते. ही माणसे अप्रामाणिक नव्हती, अनुभवी होती. दोष त्यांच्या सचोटीत नव्हता; एका माणसाचे एकदाच बनलेले मत अंतिम मानण्याच्या पद्धतीत होता.

आता हे सारे वैद्यकीय शिक्षणाला लावून पाहावे. भारतात १९९७ च्या नियमांनुसार एम.बी.बी.एस.च्या प्रत्येक विषयात एकूण गुणांपैकी २० टक्के गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असत आणि ते विद्यापीठाच्या गुणांत मिळवले जात. २०१९ मध्ये नवा, क्षमताधिष्ठित म्हणविणारा अभ्यासक्रम आला. त्यात अंतर्गत गुण विद्यापीठाच्या गुणांत मिळवण्याची पद्धत बंद झाली. परंतु त्यांचे महत्त्व कमी झाले असे मानणे चुकीचे ठरेल. अंतर्गत मूल्यमापनात लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून किमान ५० टक्के, आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के गुण नसतील, तर विद्यार्थ्याच्या उत्तीर्णतेची वाटच अडते. पूर्वी हे गुण पारड्यात टाकण्याचे वजन होते. आता ते दाराचे कुलूप झाले आहे, आणि किल्ली विभागाकडे आहे. हे कुलूप उघडले नाही तर बरोबरीची बॅच पुढे निघून जाते, विद्यार्थी ‘ऑड बॅच’चा ठरतो. कर्ज काढून मुलाला शिकवणाऱ्या घराला या एका शब्दाचा अर्थ नीट कळतो.

नियमाने काही चांगल्या गोष्टीही सांगितल्या आहेत. अंतर्गत परीक्षांचे निकाल एक-दोन आठवड्यांत फलकावर लावावेत, विद्यार्थ्याच्या कामाची नोंदवही ठेवावी, कमी पडणाऱ्यास सुधारण्याची संधी द्यावी, अशी अपेक्षा आहे. परंतु फलकावर आकडा लागतो. आकड्यामागचे कारण लागत नाही.

खाटेजवळची परीक्षा

लेखी परीक्षेत निदान कागद तरी शिल्लक राहतो. वैद्यकीय शिक्षणाचा गाभा असलेली प्रात्यक्षिक परीक्षा मात्र रुग्णाच्या खाटेजवळ होते आणि तेथेच विरून जाते. विद्यार्थ्याला एक रुग्ण दिला जातो. त्याची हकीकत विचारणे, त्याला तपासणे, निदानाचा अंदाज बांधणे, आणि मग परीक्षकांसमोर उभे राहून प्रश्नांना उत्तरे देणे, असा हा ‘लाँग केस’चा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्याचे मोल नाकारण्याचे कारण नाही. जिवंत माणसासमोर विद्यार्थी कसा वागतो, हे पाहण्यास कोणतीही प्रश्नपत्रिका पुरी पडणार नाही. तथापि, येथे दैवाचा वाटा किती मोठा असतो, हे प्रत्येक डॉक्टर जाणतो. एकाच्या वाट्याला नीट बोलणारा, ठळक लक्षणे असलेला रुग्ण येतो. दुसऱ्याच्या वाट्याला ज्याची भाषा त्याला समजत नाही असा, वेदनेने कण्हणारा, दिवसभरात दहा जणांनी तपासून वैतागलेला. एकाची परीक्षा सकाळी ताज्या दमाच्या परीक्षकांपुढे होते, दुसऱ्याची दुपारी जेवणाची वेळ टळल्यावर. निकालाच्या कागदावर दोघांचे गुण मात्र एकाच मोजपट्टीने मोजल्यासारखे शेजारी शेजारी छापले जातात.

ही अडचण ओळखूनच स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक निराळी पद्धत मांडली. विद्यार्थ्याने एकामागून एक ठिकाणी जायचे, प्रत्येक ठिकाणी ठरावीक मिनिटांत एक ठरावीक काम करायचे, सर्वांना कामे तीच, आणि प्रत्येक ठिकाणचा परीक्षक आधीच तयार केलेल्या यादीप्रमाणे गुण देणार. ‘ऑस्की’ या नावाने ही पद्धत जगभर गेली; भारतातही ती आता अपरिचित नाही. तिने खाटेजवळच्या परीक्षेची जागा पूर्णपणे घ्यावी असे नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवण्याची कृती यादीत बसते. समोरच्या माणसाला धीर देण्याची कृती यादीत बसवताना तिचा जीवच जातो. तरीही हार्डन यांच्या पद्धतीने एक धडा निश्चित दिला. गुण देण्यापूर्वी आपण कशाबद्दल गुण देणार आहोत, हे परीक्षकाने ठरवून लिहून ठेवले पाहिजे. हा धडा ‘लाँग केस’लाही लागू करता येतो. त्यासाठी नवे यंत्र नको, नवी इमारत नको. एक कागद आणि तो भरण्याची तयारी पुरते.

आडनाव आणि उच्चार

परीक्षकाच्या मतात केवळ थकवा आणि दैवच मिसळते असे नाही. लेखी उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. तोंडी परीक्षेला विद्यार्थी स्वतःचे नाव, चेहरा, कपडे आणि उच्चार घेऊन येतो. बाहेरून आलेला परीक्षक त्याला ओळखत नसला, तरी आडनाव ओळखतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने समिती नेमली होती. तिचा अहवाल २००७ मध्ये आला. अनुसूचित जाती-जमातींच्या ज्या विद्यार्थ्यांनी समितीला उत्तरे दिली, त्यांपैकी बहुसंख्यांनी प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत आपल्याला न्याय मिळत नसल्याचे सांगितले. संस्थेने हा अहवाल मान्य केला नाही. उत्तरे देणाऱ्यांची संख्या मोठी नव्हती, हा आक्षेपही घेता येईल. परंतु हा आक्षेप घेणाऱ्या संस्थेपाशी, आपल्या तोंडी परीक्षा निःपक्षपाती होत्या हे दाखवणारी कोणती नोंद होती? नोंद नसली की आरोपही सिद्ध होत नाही आणि निर्दोषत्वही सिद्ध होत नाही. उरतो तो दोन्ही बाजूंचा कडवटपणा.

दिल्लीतच वर्धमान महावीर वैद्यकीय महाविद्यालयात अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी शरीरक्रियाशास्त्र या एकाच विषयात पुनःपुन्हा नापास होत असल्याची तक्रार झाली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने मुंबई विद्यापीठाचे माजी कुलगुरू भालचंद्र मुणगेकर यांच्याकडे चौकशी सोपवली. जातीय भेदभाव झाला, असा निष्कर्ष त्यांनी २०१२ च्या अहवालात काढला. विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील वर्षे तोवर निघून गेली होती. वर्षांनंतर मिळालेला न्याय हा इतिहासाला उपयोगी पडतो. दुसऱ्या वर्षात अडकलेल्या मुलाला तो उपयोगी पडत नाही. त्यामुळे दाद मागण्याची सोय परीक्षेनंतर काही दिवसांत आणि महाविद्यालयाच्या आवारातच असली पाहिजे, या मुद्द्याला विशेष महत्त्व येते.

क्रमांक कशासाठी?

गुणांविषयीच्या या साऱ्या संघर्षाला धार येते ती क्रमांकामुळे. विद्यार्थी सुरक्षितपणे रुग्ण तपासू शकतो की नाही, हा एक प्रश्न. तो शेजाऱ्यापेक्षा अर्ध्या गुणाने सरस आहे की नाही, हा निराळा. रुग्णाला पहिल्या प्रश्नाशी कर्तव्य असते. दुसऱ्या प्रश्नात रस असतो तो जागा वाटणाऱ्यांना. एकेकाळी पदव्युत्तर प्रवेश अनेक ठिकाणी एम.बी.बी.एस.च्या गुणांवरच होत असत. साहजिकच, शल्यक्रियेच्या तोंडी परीक्षेतील दोन गुण एखाद्याला शल्यविशारद करीत आणि दुसऱ्याला त्या वाटेवरून कायमचे दूर लोटत. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या प्रवेशांचा विचार केला, आणि त्यानंतर अखिल भारतीय प्रवेश परीक्षेची वाट मोकळी झाली. एका विद्यापीठाचे साठ गुण आणि दुसऱ्याचे साठ गुण एक नव्हेत, हे त्यातून मान्य झाले. पुढे २०१७ च्या प्रवेशांपासून ‘नीट-पीजी’ कायमची लागू झाली.

याने महाविद्यालयातील परीक्षकाची मनमानी काही अंशी निष्प्रभ झाली हे खरे. पण क्रमांकाचे वेड गेले नाही, त्याने केवळ घर बदलले. अंतिम वर्षाचा विद्यार्थी वॉर्डातून लवकर निसटून बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसतो, ही तक्रार आज प्रत्येक विभागात ऐकू येते. आणि ज्या पात्रतेच्या नावाने हे सारे चालते, तिची गत अशी की, जागा रिकाम्या राहतात म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये या परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. वरच्या टोकाला एकेका गुणासाठी जीवघेणी स्पर्धा आणि खालच्या टोकाला मर्यादाच नाही, हे दृश्य पाहिल्यावर क्रमांक आणि पात्रता या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे सांगायला दुसरा पुरावा नको.

हा पेच केवळ भारताचा नाही. अमेरिकेत डॉक्टरांच्या परवान्यासाठी असलेल्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा हेतू किमान ज्ञान तपासण्याचा होता. रुग्णालयांनी तिचे गुण निवासी डॉक्टर निवडण्यासाठी चाळणी म्हणून वापरले. अखेर २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल फक्त उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा देण्याचे ठरले. त्यावर स्पर्धा थांबली का? ती दुसऱ्या टप्प्याच्या गुणांकडे सरकली. ब्रिटनमध्ये वर्गातील क्रमांकानुसार विद्यार्थ्यांचे दहा भाग पाडून त्याप्रमाणे पहिल्या नोकरीसाठी गुण देत. २०२४ पासून तेथे क्रमांक संगणक यादृच्छिकपणे ठरवतो आणि विद्यार्थ्याच्या पसंतीला प्राधान्य मिळते. चिठ्ठ्या टाकण्यासारख्या या पद्धतीवर तेथे टीकाही झाली, आणि ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु शिक्षणात मुरलेल्या एका देशाने वर्गातील क्रमांकापेक्षा नशीब बरे असे ठरवावे, यातून त्या क्रमांकाविषयीचा त्याचा अनुभव काय होता, याची कल्पना येते.

न्यायालयाची मर्यादा

महाविद्यालयात दाद लागत नाही म्हणून विद्यार्थी न्यायालयात जातो. तेथे त्याच्या पदरी बहुधा निराशा येते, आणि तत्त्वतः त्यात चूक नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९८४ च्या प्रकरणात उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि फेरतपासणीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. शिक्षणक्षेत्रातील जाणकारांच्या जागी न्यायालयाने स्वतःचे मत बसवू नये, असा त्यामागील विचार होता. २०११ मध्ये माहिती अधिकार कायद्याच्या आधारे चित्र पालटले. तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि परीक्षार्थीला ती पाहण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या खटल्यात सांगितले. पण पाहण्याचा अधिकार म्हणजे फेरतपासणीचा अधिकार नव्हे, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. २०२२ मध्ये आंध्र प्रदेशातील डॉ. एनटीआर आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकरणात, नियमांत फेरतपासणीची तरतूद नसताना उच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका मागवून ती करावयास लावणे योग्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

या निकालांची संगती लावली की एक रेषा दिसते. निलंगेकर प्रकरणात न्यायालयाने हात घातला, कारण तेथे प्रश्न परीक्षकाच्या विवेकाचा नव्हता, कागदातील फेरफाराचा होता. लबाडी झाली तर न्यायालय येईल. मतभेद असेल तर येणार नाही. परंतु विद्यार्थ्यांच्या तक्रारी बहुतांशी या दोहोंच्या मधल्या प्रदेशातील असतात. तेथे न्यायालय येत नाही आणि महाविद्यालय फिरकत नाही. शिवाय २०११ च्या निकालाने दिलेला अधिकार कागदावरच चालतो. ज्या तोंडी परीक्षेचा कागदच नाही, तिच्याबाबत विद्यार्थी काय पाहायला मागणार?

न्यायालय बाजूला राहिले तर संस्थेवरची जबाबदारी वाढते, कमी होत नाही, याचे एक उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. मिसुरी विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयातील एका विद्यार्थिनीला तिच्या प्रात्यक्षिक कामातील उणिवांमुळे काढून टाकण्यात आले. प्रकरण तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने लागला. परंतु तो का लागला हे पाहण्यासारखे आहे. विद्यालयाने तिला तिच्या उणिवांची वेळोवेळी जाणीव दिली होती. एवढेच नव्हे, तर तिने दाद मागितल्यावर त्या भागातील सात डॉक्टरांकडे तिला काम करण्यास पाठवून त्यांचे मत मागवले होते. सातांपैकी दोघांनी तिला वेळेवर पदवी द्यावी म्हटले, दोघांनी तत्काळ काढून टाकावे म्हटले, उरलेल्या तिघांनी पदवी रोखून तिला आणखी काही काळ देखरेखीखाली ठेवावे म्हटले. तज्ज्ञांची मते किती भिन्न असतात, हे यातून दिसतेच. पण ज्या संस्थेने आपला निर्णय सात परक्या डोळ्यांसमोर ठेवला, तिला न्यायालयात खाली मान घालावी लागली नाही.

अध्यापकाची बाजू

या विषयात अध्यापकांची बाजू दुर्लक्षून चालणार नाही. आधीच रिकाम्या पदांमुळे आणि बाह्यरुग्ण विभागातील गर्दीमुळे ते पिचलेले असतात. त्यात प्रत्येक गुणाचा जाब द्यावा लागला, तर ते भांडण टाळण्यासाठी सर्वांनाच उत्तीर्ण करतील, ही भीती खोटी नाही. आणि वैद्यकशास्त्रात नको त्याला उत्तीर्ण करणे हा दयाळूपणा नव्हे. त्याची किंमत पुढे कधीतरी एखाद्या खेड्यातील प्रसूतीच्या वेळी, एखाद्या मुलाच्या तापात, कोणीतरी अजाण माणूस मोजतो. परीक्षकाला ‘नापास’ लिहिता आले पाहिजे. त्याच्या या अधिकाराचे रक्षण झालेच पाहिजे.

परंतु हे रक्षण मौनाने होत नाही. ज्याने आपल्या निर्णयाची कारणे त्याच वेळी लिहून ठेवली आहेत, तो कोणत्याही तक्रारीपुढे ठाम उभा राहतो. ज्याच्यापाशी केवळ आकडा आहे, त्याला एक तर हुज्जत घालावी लागते किंवा माघार घ्यावी लागते. वशिल्याचा दूरध्वनी आला तरी हाच फरक पडतो. लिहून ठेवलेले कारण विद्यार्थ्याला अन्यायापासून वाचवते, तसेच परीक्षकाला दडपणापासून वाचवते. १९८५ च्या त्या श्रेणीपत्रकाशेजारी प्रत्येक परीक्षकाची स्वतंत्र, सहीनिशी केलेली कारणांची नोंद असती, तर ते बदलणे इतके सोपे राहिले नसते.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला असा की, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक परीक्षकाने दुसऱ्याशी बोलण्यापूर्वी आपले गुण स्वतंत्रपणे लिहून त्यावर सही करावी. नियमांप्रमाणे निम्मे परीक्षक बाहेरचे असतात. पण अंतर्गत परीक्षकाने हळूच एक आकडा सुचवायचा आणि पाहुण्याने मान डोलवायची असे झाले, तर बाहेरच्या परीक्षकाचा उपयोग उरत नाही. दुसरा, नापास करताना किंवा अंतर्गत मूल्यमापनात किमान मर्यादेखाली गुण देताना दोन ओळींत कारण लिहिणे सक्तीचे असावे: कोणती तपासणी चुकली, कोणते लक्षण हुकले, कोणता धोका लक्षात आला नाही. तिसरा, हा कागद विद्यार्थ्याला आठवड्याच्या आत दाखवावा आणि त्याने मागितल्यास संबंधित अध्यापकाने त्याच्याशी बोलावे. बहुतेक तक्रारी येथेच मिटतील, कारण पुष्कळदा विद्यार्थ्याला गुण वाढवून हवे नसतात; आपण कोठे कमी पडलो हे कळायला हवे असते.

चौथा उपाय दाद मागण्याचा. ज्या विभागाविरुद्ध तक्रार आहे, त्याच विभागाच्या प्रमुखाने ती ऐकावी हा प्रकार बंद झाला पाहिजे. दुसऱ्या महाविद्यालयातील एका अध्यापकाने, विद्यार्थ्याचे नाव झाकून, लेखी उत्तर आणि कारणांची नोंद तपासावी. प्रात्यक्षिकाबाबत वाजवी शंका असेल तर नव्या परीक्षकांपुढे पुन्हा परीक्षा घ्यावी. या फेरनिर्णयात गुण कमी होण्याचीही शक्यता असावी, म्हणजे उगाच अर्जांचा पाऊस पडणार नाही. तीन-चार आठवड्यांत निकाल लागावा. आणि वर्षाकाठी कोणत्या विभागात किती अर्ज आले व किती निर्णय बदलले, हे नावे गाळून प्रसिद्ध व्हावे. एखाद्याच विभागातील निर्णय पुनःपुन्हा बदलत असतील, किंवा एकाच समाजातील मुले एकाच विषयात अडत असतील, तर ते आयोगाच्या अहवालापूर्वीच दिसेल. १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली राज्यभरची महाविद्यालये आहेत. बाहेरचा तपासनीस मिळवणे हे त्याला अवघड नाही.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक मुद्दा भीतीचा. वैद्यकीय विद्यार्थी ज्या अध्यापकाविरुद्ध तक्रार करतो, त्याच्याच वॉर्डात त्याला उद्या काम करायचे असते, आणि उद्याची सहीही त्याचीच हवी असते. म्हणून नियम पुस्तकात असूनही अर्ज येत नाहीत, आणि अर्ज येत नाहीत म्हणून सर्व आलबेल आहे असे मानले जाते. दाद मागणाऱ्याची पुढील परीक्षा त्याच परीक्षकाकडे असणार नाही, एवढी हमी विद्यापीठाने दिली तरी ही भीती पुष्कळ ओसरेल.

वैद्यकशास्त्राला यात परके असे काहीच नाही. रुग्णाच्या कागदपत्रांवर तारीख, वेळ, निरीक्षण, निदानाचे कारण आणि सही असल्याखेरीज उपचार पूर्ण झाला असे मानू नये, हे पहिल्या वॉर्डापासून विद्यार्थ्याला शिकवले जाते. निदानाविषयी शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्यात कोणताही चांगला डॉक्टर स्वतःचा अपमान मानत नाही. हीच शिस्त महाविद्यालयांनी आपल्या गुणपत्रकांना लावून घ्यावी, इतकीच ही मागणी आहे. उद्याचा डॉक्टर रुग्णाला आपल्या निर्णयाची कारणे सांगणार की केवळ आदेश देणार, हे तो आज आपल्या गुरुजनांकडूनच शिकत असतो.